जुनी नगरपालिका पाडायची की संग्रहालय करायचं? (सल्ला हवा आहे)

वेशीबाहेर

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव तालुक्याचं. नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण तापलंय आणि मला त्याच गावात राहायचंय. बाजारपेठेच्या तोंडाशी जुन्या नगरपालिकेची दुमजली इमारत आहे. खाली काळ्या दगडाच्या कमानी, वर विटांच्या भिंती, सागवानी जिना, मंगलोरी कौलं. शंभरी कधीच ओलांडलीय. कचेरी नव्या जागेत गेल्यापासून खाली मोडक्या खुर्च्या, जुन्या लोखंडी मतपेट्या आणि डासांचा धूर मारायचं मशीन, वर कबुतरं. दोन पावसाळ्यांपूर्वी छपराचं मागचं पाखं एका बाजूला बसलं आणि आठवड्याभरात दारावर ‘धोकादायक इमारत’ची नोटीस लागली. आता तिथे गाळ्यांचं व्यापारी संकुल करायचा ठराव येऊ घातलाय.

आम्ही आठ-दहा जणांनी निवेदन दिलं, की पाडू नका, गावाचं संग्रहालय करा. ते वाचून एका पदाधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “ठेवणार काय त्यात?”

खरं सांगतो, उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतोय. कुणी असं काही केलंय का? कुठून सुरुवात करायची?

बाराबंदी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाडा. आठवडी बाजाराला खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बायकांना जायला धड मोरी नाही आणि आपण कबुतरांना वारसा म्हणून जपायचं? तुमच्या आठ-दहा जणांपैकी त्या इमारतीत गेल्या पाच वर्षांत कोण गेलं होतं?

वेशीबाहेर

@बाराबंदी, मी गेलो होतो. मृत्यूचा दाखला आणायला. पण तुमचा मुद्दा पोचला.

रानजाई

ठेवणार काय, म्हणे! पाटा-वरवंटा, जातं, उखळ, कंदील, तांब्याचा बंब, फिरकीचा तांब्या आणि कोपऱ्यात नऊवारी नेसवलेली एक बाहुली जिचं नाक तुटलंय. महाराष्ट्रातल्या प्रत्येक हौशी संग्रहालयात हेच असतं. आमच्या घरी या सगळ्याला अडगळ म्हणतात. :)

अडकित्ता

रानजाई, हसलो खरा, पण अडगळीला नावं ठेवू नका. माझा आयडीच अडगळीतला आहे.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय काय आहे? दिनकर केळकर हे चष्म्याचे दुकानदार आणि ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी संग्रह उभा केला. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, फण्या, दरवाजे. लोक मोडीत घालत होते ते हा माणूस गावोगाव फिरून विकत घेत होता. साधारण २०,००० वस्तू जमल्या आणि पुढे त्यांनी संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा सुटा करून तिथे आणून पुन्हा उभारलाय.

तिथले अडकित्ते बघताना कळतं की एक अडकित्ता ही अडगळ असते, शंभर अडकित्ते शेजारी मांडले की ती विद्या होते. कुठे घोडा, कुठे पोपट, कुठे बाईचं रूप. तेव्हा गावातून मिळेल ते सगळं गोळा करू नका, एक धागा पकडा. तुमच्या गावात काय बनत होतं? घोंगड्या? तांबट? विडी? तेलाचे घाणे?

वेशीबाहेर

तांबट आळी होती. आता तीन घरं उरलीत, त्यातली दोन स्टीलची भांडी विकतात.

तेरणाकाठ

आमच्या तेरचं सांगतो. धाराशिव जिल्ह्यातलं गाव, बहुतेकांना गोरोबाकाकांमुळं माहीत. पण ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पैठणच्या जोडीला तगर म्हणून ज्या पेठेचं नाव येतं ते हेच तेर. इथलं साधं कापड, मलमल गाड्यांत भरून भडोचला जायचं.

तर या गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी काय केलं? गावात सापडणारी खापरं, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती नुसत्या जमवत गेले. लोक माती म्हणत होते ते हे उचलून घरी आणत होते. त्यांच्या संग्रहातली हस्तिदंती बाईची मूर्ती बघायला आज लांबून अभ्यासक येतात, कारण इटलीत पॉम्पेईला अशीच हस्तिदंती मूर्ती सापडलीय. आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे.

सांगायचं हे, की तिथं आधी वस्तू होत्या, आधी एक येडा माणूस होता, इमारत मागून आली. तुमचं उलटं चाललंय. इमारत आहे, येडा शोधा.

रानजाई

येडा सापडलाय, त्यानेच धागा काढलाय.

चुनाघाणी

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता. संग्रहालय वगैरे तुम्ही बघा, मी फक्त इमारतीबद्दल बोलतो.

‘धोकादायक’ या शब्दाने घाबरू नका. पाखं बसलं म्हणजे इमारत गेली असं नसतं. बहुतेक वेळा आढ्यापाशी चार कौलं फुटलेली असतात, कुणी शाकारणी केलेली नसते, पाणी वाश्यावर पडत राहतं, वासा कुजतो, वाळवी वर चढते, मग पाखं बसतं. दगडी जोतं आणि भिंती ओळंब्यात असतील तर इमारत ठणठणीत आहे. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याकडून दुसरा अहवाल घ्या. ज्याने आयुष्यभर फक्त आरसीसी केलंय तो लाकडी तुळई बघून ‘पाडा’ असंच लिहिणार, त्याचाही दोष नाही.

दुसरं, आणि हे हात जोडून सांगतो: उत्साहाच्या भरात भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना श्वास घेतो, भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, लोणा लागतो, पोपडे पडतात आणि पाच-सात वर्षांत विटेची माती व्हायला लागते. चुना विझवून, मुरवून, वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत, म्हणजे चुना दळायच्या दगडी घाण्यात, मळावा लागतो. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाचं पाणी घालायची जुनी रीत आहे. चुन्यात काम करणारे गवंडी अजून आहेत, पण आगाऊ सांगून आणावे लागतात आणि त्यांना घाई चालत नाही.

तिसरं, दगडाला ऑइल पेंट नको. कमानींना पिवळा आणि भगवा रंग मारून ‘सुशोभीकरण’ केलेली ठिकाणं बघून डोळे दुखलेत.

टपालपेटी

> त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाचं पाणी

भिंत आहे की बाळंतिणीचा लाडू?

चुनाघाणी

दोन्हींना ताकद लागते.

वाशिष्ठी

चिपळूणहून लिहितेय. तुमची इमारत नदीपासून किती उंचीवर आहे हे आधी सांगा. गंमत नाही करत.

आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं. त्यातून सावरून माणसांनी पुन्हा उभं केलं, जोडीला कोकणच्या वस्तूंचं संग्रहालयही सुरू केलं. आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा पूर. भिजून फुगलेली पुस्तकं बघणं म्हणजे काय असतं ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. फुगलेलं पुस्तक फळीतून ओढून काढता येत नाही, फळीच तोडावी लागते.

म्हणून सांगते, तळमजल्यावर कागद, कापड, लाकूड काही ठेवू नका. खाली दगड आणि धातू, बाकी सगळं वर.

वेशीबाहेर

नदी दोनशे पावलांवर. मोठ्या पुराच्या खुणेची रेघ आमच्या कमानीवर आहे, पुरुषभर उंचीवर. हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद, वाशिष्ठीताई.

अडकित्ता

ती रेघ हीच तुमची पहिली वस्तू! तिच्याशेजारी गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या पुराच्या आठवणी लावा. एक पैसा लागणार नाही.

बाराबंदी

छान चाललंय. एक विचारू? दुरुस्ती झाली, रंग झाला, फीत कापली, पेपरात फोटो आला. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दहाला कुलूप कोण उघडणार?

माझ्या आजोळी हेच झालं. वाडा, हौशी मंडळी, उद्घाटन, मोठमोठी भाषणं. काळजीवाहू म्हणून नेमलेल्याला चार महिने पगार दिला, मग तो सोसायटीत लागला. किल्ली शेजारच्या किराणा दुकानात. दुकानदार जेवायला गेला की संग्रहालय बंद. नंतर किल्लीही हरवली. माझ्या आजीने दिलेली पितळी समई आत आहे, असं आम्ही समजून चालतो.

रानजाई

हा प्रतिसाद वाचून हसू नाही आलं. माझ्याही माहितीत अशा दोन किल्ल्या आहेत.

दमामा

औंधला जाऊन आलोय त्याबद्दल लिहितो, थोडं अवांतर होईल. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय केलं. स्वतः चित्रकार माणूस. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं भिंतीवर, आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प! सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर! मी गेलो तेव्हा एका दालनात मी आणि पहारेकरी असे दोघंच होतो. देवीला गर्दी, चित्रांना कुणी नाही. एवढा खजिना असून जर लोक वळत नसतील तर तुमच्या पुराच्या रेघेकडे कोण येणार, ही शंका रास्त आहे.

पण त्या पहारेकऱ्याने मला एकेक चित्र हाताला धरून दाखवलं. कुठे उभं राहिलं की डोळे आपल्याकडे बघतात ते सांगितलं. मी अडीच तास होतो. तो नसता तर वीस मिनिटांत बाहेर आलो असतो.

भाट्ये

रत्नागिरीचा थिबा राजवाडा विसरू नका. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणलं, राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये राजा गेला. इतका खर्चाचा वाडा आणि राहायला मिळाली सहा-एक वर्षं. आता तिथे संग्रहालय आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेट रत्नागिरीत आले होते, ते यासाठीच.

लहानपणी आम्हाला तो वाडा म्हणजे ‘भुताचा’. राजाच्या नातीला मात्र अख्खं गाव ओळखायचं, रत्नागिरीतच संसार केला तिने. राजवाड्यापेक्षा तिची गोष्ट लोकांना जवळची वाटते. माणसांच्या गोष्टी जमवा, एवढंच म्हणतो.

गोंयकार७

बाणावलीला ‘गोवा चित्र’ बघा कधी आलात तर. व्हिक्टर ह्यूगो गोम्स या एका माणसाने गावोगावची शेतीची अवजारं जमवून उभं केलेलं. नांगर, मापटी, उसाचा चरक, नारळाचा घाणा. अवजार नुसतं ठेवलेलं नाही, ते कसं चालायचं ते सांगतात. शाळेची पोरं आली की त्यांना कळतं तरी, भात पिशवीत उगवत नाही ते.

काळाकोट

कायद्याचं थोडं.

राज्य संरक्षित स्मारक करून घ्यायचं असेल तर १९६० चा राज्याचा कायदा आहे. पुरातत्त्व संचालनालयाकडे प्रस्ताव, मग प्राथमिक अधिसूचना, हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम अधिसूचना. कागदावर एवढंच, प्रत्यक्षात संयम लागतो. आणि शंभर वर्षं झाली म्हणजे आपोआप स्मारक होत नाही, महत्त्व पटवून द्यावं लागतं. एकदा संरक्षित झालं की खिळा ठोकायलाही परवानगी, हे लक्षात ठेवा.

वस्तूंबद्दल: शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. शेतात नांगरताना कुणाला नाणी सापडली आणि त्याने भक्तिभावाने तुम्हाला आणून दिली तर ती गुपचूप कपाटात ठेवू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

टपालपेटी

दहा रुपये! आमच्या सोफ्याखाली दर दिवाळीला गुप्तधन सापडतं. कळवायला हवं होतं.

शिवारातला

आणि आजूबाजूच्यांचं काय? स्मारक झालं की शंभर मीटरमध्ये बांधकाम बंद ना? बाजारपेठेतले दुकानदार तुम्हाला जोड्याने मारतील.

काळाकोट

ते १०० मीटर बंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण, हे केंद्र संरक्षित स्मारकांचं, २०१० च्या दुरुस्तीतलं. या इमारतीला केंद्र संरक्षण मिळण्याची शक्यता नाहीच. पण ही अफवा गावात पसरणार हे नक्की, किंबहुना पसरवली जाईल. आधीच दुकानदारांना भेटून सांगा.

वेशीबाहेर

पसरलीय. परवाच कटिंग करताना न्हाव्याने मला ऐकवली, वस्तरा मानेवर असताना.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात राहते. इथल्या संग्रहालयात दर गुरुवारी दुपारी बसते, बिनपगारी. आम्ही चौदा जण, बहुतेक निवृत्त. प्रत्येकाची आठवड्यातली अर्धी पाळी ठरलेली. एकाच माणसावर भार नाही म्हणून चाललंय. बाराबंदींच्या किल्लीच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं वस्तू दाखवायला सांगतील. हातात दिली नोंदवही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कुणी दिली, कधी दिली, माप, कुठे चीर आहे, कुठे डाग आहे, फोटो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कायमची दिली की उसनी? देणाऱ्याची सही. वीस वर्षांनी नातू येतो आणि म्हणतो आजीचा हार परत द्या.

बाराबंदी

किंवा समई.

थेम्सकाठ

किंवा समई. वही असती तर कळलं असतं ना, काका.

सोलापुरी_चादर

चौदा निवृत्त माणसं इंग्लंडात मिळतात. आपल्याकडे निवृत्त माणूस नातवंडं सांभाळायला पुण्याला जातो.

ताटीउघडा

नाव काय देणार संग्रहालयाला? हा प्रश्न आधी मिटवा. आमच्या गावात वाचनालयाच्या दुरुस्तीचे पैसे आले, पण कुणाचं नाव द्यायचं यावर तीन गट पडले आणि पैसे मार्चअखेर परत गेले. वाचनालयाचं छप्पर अजून तसंच.

रानजाई

‘जुनी नगरपालिका’ हेच नाव ठेवा. सगळ्यांना पत्ता माहीत, कुणाचा वाढदिवस नाही, कुणाचा पुतळा नाही.

चुनाघाणी

+१. हा धाग्यातला सर्वांत व्यवहारी प्रतिसाद.

आयोगाची_वारी

मी वाचनमात्र असतो, पण आज लिहितो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, असंच तालुक्याचं गाव. आमच्याकडे खासगी अभ्यासिकेला महिन्याला पैसे मोजावे लागतात आणि तिथे पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडणं होतात. तुमच्या इमारतीत खाली अभ्यासिका काढा. आम्ही पहाटे सहाला दारात उभे असतो, रात्री अकराला हाकलावं लागतं. किल्ली हरवणार नाही, कारण ती हरवली तर आम्ही दार फोडू. :) फी कमी ठेवा, त्यातून वीजबिल आणि झाडलोट निघेल. संग्रहालय वरच्या मजल्यावर राहू दे. पुराचं पाणी आलं तर खाली फक्त खुर्च्या भिजतील, आणि वस्तू वर न्यायला पन्नास पोरं हाताशी.

बाराबंदी

हे पटलं. मागच्या बाजूला बायकांसाठी दोन स्वच्छतागृहं बांधा, बाजारच्या दिवशी उघडी ठेवा, मग मीही सही करतो.

चुनाघाणी

स्वच्छतागृह जुन्या भिंतीला चिकटवू नका, वेगळं बांधा, नळाची ओल मुरते. आणि सागवानी जिन्यावरून एका वेळी किती माणसं न्यायची ते अभियंत्याला विचारा. शाळेची सहल एकदम वर चढवू नका.

तेरणाकाठ

गुडघेदुखीवाल्यांचं काय? तुमच्या गोष्टी ज्यांच्याकडं आहेत तीच माणसं जिना चढू शकत नाहीत.

वाशिष्ठी

म्हणून ती पुराची रेघ, दगड, तांबटांची हत्यारं खाली. म्हाताऱ्यांना खाली बसवून चहा पाजा आणि बोलतं करा.

वेशीबाहेर

दहा दिवसांनी परत येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून बैठकीला नेले होते (न्हाव्याचा सोडून).

ठराव पुढे ढकललाय, रद्द नाही. दुसऱ्या तपासणीला तोंडी होकार मिळालाय, लेखी यायचाय. तोवर पावसाआधी मागच्या पाख्यावर ताडपत्री आणि फुटकी कौलं बदलायला परवानगी मिळाली, खर्च आमचा. दोन दुकानदारांनी कौलं दिली, तांबट आळीतल्या आजोबांनी ऐरण आणि तीन हातोड्या काढून ठेवल्यात. सही करून देणार म्हणाले, थेम्सकाठताई, तुमच्यासारखी वही घातलीय. पहिली नोंद पुराची रेघ, तिला देणारा म्हणून नदीचं नाव लिहिलं. काळाकोट, हे कायद्यात बसतं का?

अभ्यासिकेचं ऐकून त्या पदाधिकाऱ्यांचा सूर बदलला. पोरांना मतं असतात, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

आता नवीन प्रकरण. कौलं बदलायला माळ्यावर चढलो तर कबुतरांच्या विष्ठेखाली एक लोखंडी पेटी निघाली. आत बासनं, कडा कसरीने खाल्लेल्या. बहुधा जुन्या सभांची इतिवृत्तं आणि घरपट्टीची पुस्तकं. बरीचशी मोडी लिपीत आहेत. आमच्यात एकालाही मोडी येत नाही.

अडकित्ता

कुणीतरी विचारलं होतं ना, ठेवणार काय त्यात?

दमामा

ऊन दाखवू नका, झटकू नका, दोरी ओढून सोडू नका. सावलीत, हवेशीर खोलीत सपाट ठेवा आणि नाक-तोंड बांधून काम करा, ती विष्ठा वाईट. वेखंडाच्या पुरचुंड्या पेटीत ठेवता येतील, पण कागदाला चिकटवून नको.

काळाकोट

नदीची सही घेतलीत का? नसेल तर नोंद अपूर्ण आहे.

पेटीबद्दल मात्र गंभीरपणे: ते कागद नगरपालिकेचे आहेत, तुमचे नाहीत. आजच पंचनामा करून घ्या, बासनं मोजून लिहा, मुख्याधिकाऱ्यांची पोच घ्या. घरी नेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

मोडकळीस

पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गाची परीक्षा दिलीय, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही बसत असते. तज्ज्ञ नाही, पण घरपट्टीची पुस्तकं लागतात वाचायला, त्यातली भाषा ठरावीक असते. दोन-तीन पानांचे फोटो इथे टाका, सरळ वरून, सावली न पाडता. एखादं पान लागलं तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी येऊ शकते. एसटी थांबा इमारतीपासून किती लांब?

वेशीबाहेर

समोरच. कमानीखाली उभ्या राहा, न्हावी वाट दाखवेल.